रेट वाढला? आधी विचार, पाणी कुठे शिरलंय

अगं, काल फोनवर तू इतकी घायकुतीला आली होतीस की माझं निम्मं बोलणं तुझ्या कानापर्यंत पोचलंच नसेल. रॅमचा रेट रोज वाढतोय, आज उचलू का? हार्ड डिस्कही चार घेऊन ठेवू का? लग्नाच्या चित्रीकरणाचा नवा धंदा, पहिलाच सीझन, त्यात हातातले पैसे आईच्या बांगड्या गहाण टाकून आलेले. तुझी धाकधूक मला कळते. म्हणून आज सवडीने लिहायला बसले आहे. या गोष्टी आपल्याला कुणी समजावून सांगत नाही. डीलर तर नाहीच सांगणार, त्याला माल खपवायचाय.

रेट वाढल्याचं कानावर आलं की दुकानदाराला ‘केवढ्याला?’ विचारायच्या आधी ‘का वाढला?’ ते शोधून काढ. कारखाना बुडालाय, की नुसता हादरलाय, की माल दुसरीकडे वळवलाय? तिन्हीची गत वेगळी. बुडालेला कारखाना वर्ष खातो, हादरलेला बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत उभा राहतो, आणि वळवलेला माल कधी परत येईल ते विकणाऱ्याच्या मर्जीवर. हे कळलं की अर्धी घाई आपोआप कमी होते.

बुडाल्याचं उदाहरण 2011 चं. तू तेव्हा शाळेत होतीस. मी वसईत पापडीतच एका स्टुडिओत एडिटिंगला बसायचे. दिवाळीच्या आसपास मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या डीलरचा आमच्या मालकांना फोन आला, डिस्क हव्या असतील तर आजच पैसे टाका, उद्याचा रेट सांगता येणार नाही. महिन्याभरापूर्वी घेतलेल्या डिस्कच्या जवळजवळ दुप्पट भाव, आणि वर एका गिऱ्हाइकाला एकच. ख्रिसमस तोंडावर, त्यानंतर लग्नांची रांग लागलेली, आणि चित्रीकरण साठवायला जागा नाही.

कारण थायलंडमध्ये होतं. जुलैच्या अखेरीपासून तिथे वादळामागून वादळ आलं, उत्तरेची मोठी धरणं काठोकाठ भरली, आणि ते सगळं पाणी चाओ फ्राया नदीच्या सपाट खोऱ्यातून खाली सरकत राहिलं. सरकत म्हणते, कारण ते एका रात्रीत धो धो आलेलं पाणी नव्हतं. आज या गावात, चार दिवसांनी पुढच्या, असं. बांध घातले, वाळूच्या गोण्या रचल्या, तरी ऑक्टोबर महिन्यात अयुथ्या आणि पथुम थानी या भागांतल्या सात औद्योगिक वसाहती एकामागून एक बुडाल्या आणि पाणी कित्येक आठवडे हललं नाही. 800 हून जास्त माणसं त्या पुरात गेली. ते भाग मूळचे भातशेतीचे, पाणी साठवून धरणारे. तिथे भराव घालून वसाहती उठवल्या होत्या. वसईच्या माणसाला यापुढचं काही समजावून सांगायला नको.

बुडालेल्यांत वेस्टर्न डिजिटलचे बांग पा-इन आणि नवा नकोर्न इथले कारखाने होते. ही कंपनी आपल्या निम्म्याहून जास्त डिस्क थायलंडमध्येच बनवायची, आणि जगातल्या साऱ्या हार्ड डिस्कपैकी 40 टक्क्यांच्या आसपास त्या एका देशातून निघत होत्या. पण तुला खरं सांगायचंय ते पुढचं आहे. सीगेटच्या थायलंडमधल्या कारखान्यांत पाणी शिरलं नव्हतं. तरी त्यांचंही काम अडलं. डिस्क फिरवणारी जी बारीकशी मोटर असते ना, ती जगातल्या बहुतेक डिस्कमध्ये निडेक या एकाच जपानी कंपनीची असायची, आणि निडेकचे तिथले कारखानेही पुरात सापडले होते. सगळं तयार, मोटर नाही. म्हणून ‘अमुक कंपनीचं काही नुकसान झालेलं नाही’ एवढ्या बातमीवर कधी निश्चिंत राहू नकोस. त्या कंपनीला सुटे भाग कोण देतं, ते बघ.

एखादी मेलेली डिस्क असेल तर उघडून बघ एकदा. चांदणीच्या तोंडाचा पेचकस लागतो, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल. आत आरशासारखी लख्ख तबकडी दिसेल आणि तिच्यावर झुकलेला एक नाजूक दांडा. त्या दांड्याच्या टोकाचं हेड तबकडीला न टेकता काही नॅनोमीटरवरून फिरतं. धुळीचा एक कण मध्ये आला तरी डिस्क गेली. अशा वस्तू जिथे बनतात त्या खोल्यांतली हवासुद्धा गाळून घेतलेली असते. त्या खोल्यांत पुरुषभर गढूळ पाणी महिनाभर उभं राहिलं. पाणी ओसरायची वाट न बघता कंपनीने पाणबुडे उतरवले आणि यंत्रं बाहेर काढली, ती साफ करून पुन्हा जुळवली. नोव्हेंबरच्या अखेरीला थोडं थोडं काम सुरू झालं. एवढ्या लवकर ते उभे राहिले याचं मला आजही कौतुक वाटतं. ज्यांची स्वतःची घरं पाण्यात होती तेच लोक कामावर येत होते.

रेट मात्र यंत्रांइतक्या लवकर सावरले नाहीत. वर्ष उलटलं तरी ते पूर्वीच्या जागी आले नव्हते. आपल्याकडे तर दुहेरी मार बसला. त्याच वर्षी जुलैत डॉलर 44-45 रुपयांना होता, तो डिसेंबरात 54 च्या घरात गेला. माल बाहेरून येणार, पैसे डॉलरमध्ये जाणार, म्हणजे पुराचा भाव वेगळा आणि रुपयाचा वेगळा. आणि एक गोष्ट कुणाच्या लक्षातही आली नाही. त्या वर्षअखेरीपासून वेस्टर्न डिजिटल आणि सीगेट दोघांनीही आपल्या बऱ्याच साध्या डिस्कची वॉरंटी कमी केली. जिथे तीन वर्षं होती तिथे दोन झाली, काहींवर एकच. म्हणजे जास्त पैसे देऊन कमी भरवशाची वस्तू. आपत्तीनंतर नुसता भाव विचारून भागत नाही, वॉरंटीचा कागद वाचावा लागतो, तो यासाठी.

त्या सीझनला आमच्या स्टुडिओने काय केलं ते ऐक, कारण तुला मोह होईल तो याचाच. नव्या डिस्क परवडेनात म्हणून जुन्या लग्नांचं मूळ चित्रीकरण पुसलं आणि त्याच डिस्क पुन्हा वापरल्या. अल्बम दिला, डीव्हीडी दिली, आता कशाला ठेवायचं, असा हिशेब. दोनेक वर्षांनी एक मुलगी आली. तिच्या लग्नात वडील हॉलच्या दाराशी उभे राहून पाहुण्यांशी बोलत होते. डीव्हीडीत ते दोन-तीन सेकंदच दिसत होते. वडील आता नव्हते आणि तिला त्यांचा आवाज हवा होता. मूळ चित्रीकरणात तो नक्की होता, मी स्वतः ते बघितलेलं होतं. द्यायला काही उरलं नव्हतं.

म्हणून पहिल्या दिवसापासून डिस्कचे पैसे पॅकेजमध्येच धर. एका लग्नाला दोन डिस्क, एक तुझ्याकडे, एक दुसऱ्या घरी. गिऱ्हाइकाला स्पष्ट सांग, की एवढी वर्षं आम्ही जपून ठेवतो, त्यानंतर डिस्क तुम्ही घेऊन जा. लिहून दे. लोक आनंदाने पैसे देतात. सांगितलं नाही तरच कुरकुरतात.

आता भूकंपाचं. 21 सप्टेंबर 1999 ला मध्यरात्रीनंतर तैवान हादरलं, दोन हजारांहून जास्त माणसं मेली. हसिंचूमधल्या चिपच्या कारखान्यांची वीज गेली, भट्ट्यांमधल्या क्वार्ट्झच्या नळ्या फुटल्या, अर्धवट झालेला माल फेकावा लागला. मेमरीचे भाव जगभर उसळले, आणि पुढच्या काही महिन्यांत उतरलेही, कारण इमारती शाबूत होत्या आणि वीज आल्यावर काम सुरू झालं. तैवानचाच 3 एप्रिल 2024 चा भूकंप तर 7.2 चा होता. टीएसएमसी या तिथल्या मोठ्या चिप कंपनीने माणसं बाहेर काढली आणि दहा तासांत 70 टक्क्यांहून जास्त यंत्रं पुन्हा चालती केली. त्या दिवशी घाबरून माल भरायचं काही कारण नव्हतं. आपल्या जिल्ह्यात धुंदलवाडी, तलासरी, डहाणूकडे 2018 च्या नोव्हेंबरपासून धक्के सुरू झाले, तेव्हा लोक रात्री घराबाहेर झोपायचे. तिथली भिंतीला गेलेली चीर बघितलेल्या माणसाला हादरणं आणि कोसळणं यांतला फरक कळतो. बातमी वाचताना तोच शोधायचा. हादरल्याची बातमी असेल तर दोन-तीन आठवडे गप्प बस.

काही बातम्यांचा तर भावावर परिणामच होत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये हेलेन वादळाने अमेरिकेतलं स्प्रूस पाइन हे छोटं गाव उद्ध्वस्त केलं. चिप बनवताना सिलिकॉन ज्या भांड्यांत वितळवतात, त्या भांड्यांसाठी लागणारं अतिशुद्ध क्वार्ट्झ मुख्यतः तिथल्या खाणींतून येतं. आता जगातली चिप संपणार, असा गलका झाला. काही आठवड्यांत खाणी सुरू झाल्या, कारखान्यांकडे साठा होता, आणि तुझ्या-माझ्या बिलात एक रुपयाचा फरक पडला नाही. गावातली घरं मात्र गेली ती गेलीच.

या सगळ्यात माझ्या मनाला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट पाण्याच्या उलट्या टोकाची आहे. 2020 मध्ये एकही चक्रीवादळ तैवानच्या किनाऱ्याला लागलं नाही. 56 वर्षांत असं झालं नव्हतं. वादळ नाही म्हणजे पाऊस नाही, धरणं रिकामी. चिप बनवताना प्रत्येक थरानंतर ती अतिशुद्ध पाण्याने धुवावी लागते, रोज हजारो टन पाणी जातं. 2021 च्या वसंतात टीएसएमसीने टँकर लावले. होय गं, टँकर. आपल्याकडे वसई-विरारमध्ये गल्लीबोळांत उभे असतात तसे. आणि सरकारने कारखान्यांना पाणी पुरावं म्हणून मोठ्या भागातल्या भातशेतीचं पाणी बंद केलं. शेतकऱ्यांना भरपाई दिली, कारखाने बंद पडले नाहीत, जगाला चिप मिळाल्या. पण तो हंगाम शेतात भात नव्हता.

हे वाचलं तेव्हा मला आपल्या पट्ट्यातल्या विहिरी आठवल्या. तळ्यांसारखी बावखलं, केळीच्या वाड्या, पानवेली, आणि त्यांच्या उशाशी उभे राहून पाणी ओढणारे टँकर. विहिरी खाऱ्या व्हायला लागल्या तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती त्याविरुद्ध उभी राहिली, धमक्या आल्या तरी हटली नाही. आपण लहानपणी त्या मोर्च्यांच्या गोष्टी घरात ऐकल्यात. तैवानचा शेतकरी आणि आपला वाडीवाला यांचं दुखणं एकच आहे, आणि आपल्या हातातल्या मशीनचा त्याच्याशी संबंध आहे. म्हणून मी तुला सांगते की मशीन दर दोन वर्षांनी बदलायचं वेड लावून घेऊ नकोस. चालतंय तोवर चालव, बिघडलं तर दुरुस्त कर. यात पैसे वाचतातच, पण मी फक्त पैशासाठी सांगत नाहीये.

आणि बाहेरच्या पुराइतकीच आपल्या घरच्या पुराची तयारी हवी. 2018 चा जुलै आठव. 9 आणि 10 तारखेला नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली, विरारकडच्या गाड्या बंद, मिठागरात माणसं अडकलेली, वीज गेली ती यायचं नाव घेईना. पाणी ओसरल्यावर दुरुस्तीवाल्यांकडे कॅबिनेटची रांग लागली. गाड्या धड नाहीत म्हणून मुंबईहून माल येईना, मशीनला वीज देणारा साधा एसएमपीएस मिळेना. तेव्हा भाव जगात वाढलेला नव्हता, फक्त आपल्या गावात वाढला होता.

तुझा गाळा तळमजल्यावर आहे. कॅबिनेट आणि यूपीएस जमिनीवर ठेवू नकोस, आजच सुताराला बोलावून कमरेच्या उंचीची मजबूत फळी मारून घे. एक्स्टेन्शन बोर्ड भिंतीवर वर लाव, टेबलाखाली लोळत ठेवू नकोस. पाऊस धरला की रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाड आणि दुसरी डिस्क घरी घेऊन जा. मशीन भिजलंच तर सुरू करून बघायचा मोह आवर. बहुतेक मशीन पाण्याने मरत नाहीत, पाण्यात असताना दिलेल्या विजेने मरतात. डिस्क भिजली असेल तर बघ, बहुतेक डिस्कवर एक बारीक भोक असतं आणि शेजारी ते झाकू नका असं लिहिलेलं असतं. हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेलं असतं. पाणी तिथूनच आत जातं. अशी डिस्क उन्हात घालू नकोस, ड्रायरने सुकवू नकोस, पिशवीत बंद करून थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे ने.

आपल्याकडची हवा खारट आहे, हेही लक्षात ठेव. मशीन सुरू होत नाही, नुसतं बीप बीप करतं, म्हणून कुणी रॅम गेली सांगितलं, तर लगेच नवी घेऊ नकोस. प्लग काढ, रॅमची पट्टी बाहेर काढ, खालच्या सोनेरी दातांवर खोडरबर हळुवार फिरव, चुरा झटक आणि परत बसव. पुष्कळदा तेवढ्याने काम होतं. आजच्या भावात तर हा खोडरबर फार मोलाचा आहे.

आता तुझा मूळ प्रश्न. सध्या रॅम महागलीय ती पुराने किंवा भूकंपाने नव्हे. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडे बनते. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या महागड्या मेमरीत जास्त पैसा आहे, म्हणून तिघांनी आपली यंत्रं तिकडे वळवलीत. मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये क्रूशियल या नावाने आपल्यासारख्या गिऱ्हाइकांना माल विकणं बंद करत असल्याचं जाहीर करून टाकलं. जुन्या डीडीआर4 रॅमचं उत्पादनही कमी केलं जातंय, म्हणून तीही महाग. एसएसडी आणि हार्ड डिस्कलाही त्याची झळ लागलीय. मघाशी म्हटलं ना, तिसऱ्या प्रकारचं दुखणं, ते हे. नवा कारखाना उभा राहून माल द्यायला वर्षं लागतात. तेव्हा ‘दोन महिन्यांत उतरेल’ या आशेवर काम अडवून ठेवू नकोस, आणि ‘अजून चढेल’ या भीतीने साठाही करू नकोस. बांगड्या साठ्यात अडकल्या तर सोडवणार कशाने?

तुझ्याकडे 16 जीबी आहे. या सीझनला तेवढ्यावर निघेल. चित्रीकरण मशीनवर घेतलंस की आधी त्याच्या प्रॉक्सी बनव, म्हणजे हलक्या प्रती. त्यांच्यावर कापाकापी कर आणि शेवटी रेंडर करताना मूळ फाइल जोड. रात्री प्रॉक्सी बनायला लावून झोप, सकाळी टाइमलाइन सरसर चालेल. डिस्क मात्र घेच. चार नको, हातात ॲडव्हान्स आलेली जितकी लग्नं आहेत तेवढ्यांपुरत्या.

शनिवारी सकाळी लवकर लॅमिंग्टन रोडसाठी ग्रँट रोडला उतर. एका दुकानात विचारून लगेच घेऊ नकोस, तीन दुकानं फिर आणि प्रत्येक ठिकाणी जीएसटी बिलासकटचा रेट विचार. बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणाला तर पुढे चाल, वॉरंटीच्या वेळी ते बिल मागितलं जाऊ शकतं. भाव चढले की जुन्या डिस्क पुसून-चकचकवून नव्या म्हणून विकणारेही निघतात, म्हणून लॅपटॉप सोबत ने. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आधीच टाकून ठेव. दुकानातच डिस्क जोड आणि ‘पॉवर ऑन अवर्स’ची ओळ बघ. नव्या डिस्कवर तिथे शून्य किंवा अगदी एक-दोन आकडा हवा. हजारांत दिसला तर वाद घालत बसू नकोस, डिस्क काउंटरवर ठेव आणि निघ. सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे तेही तिथेच उभी राहून तपास, आणि मगच पैसे दे.